दंडाचं वय

न्यू साऊथ वेल्स राज्यात वाहतुकीचा दंड म्हातारा होत नाही. ज्या गाडीवर तो झाला ती भंगारात जाते, जिथे झाला तो रस्ता रुंद होतो, गाड्यांची नोंद ठेवणारं खातंसुद्धा नाव बदलतं. 1999 साली ते रोड्स अँड ट्रॅफिक ऑथॉरिटी होतं, 2011 मध्ये रोड्स अँड मेरिटाइम सर्व्हिसेस झालं, आता ट्रान्सपोर्ट फॉर एनएसडब्ल्यू आहे. दंड वसूल करणाऱ्या स्टेट डेट रिकव्हरी ऑफिसचं काम आता रेव्हेन्यू एनएसडब्ल्यू करतं. दंड मात्र आहे तिथेच असतो, वर खर्चाचे आकार चढवून.

सिडनीतल्या आमच्या गिरावीनमध्ये हे सांगायची गरज आहे, कारण इथे बऱ्याच घरांत आता दुसरी फेरी सुरू आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जे कंपनीच्या कामासाठी सिडनीत येऊन गेले, ते आता मुलीकडे किंवा मुलाकडे राहायला परत येतात. पहिल्या फेरीचा एखादा कागद त्यांची वाट पाहत असू शकतो, हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं.

आमच्या शेजारच्या काकांचं तसंच झालं. गिरावीनला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. पेंडल हिल किंवा टून्गॅबी गाठावं लागतं. मुलगी-जावई दोघं नोकरीला, नातवाला शाळेत सोडायचं, काकूंना वेंटवर्थव्हिलला भाजी-वाणसामानाला न्यायचं, म्हणून काकांनी इथलं लायसन्स काढायचं ठरवलं. भारतातलं लायसन्स असलं तरी इथे संगणकावरची परीक्षा द्यावी लागते आणि मग गाडी चालवून दाखवावी लागते. काकांनी पुस्तक पाठ केलं. काउंटरवर नाव आणि जन्मतारीख सांगितली, तेव्हा समोरच्या मुलीने पडद्याकडे बघून विचारलं, तुम्ही पूर्वी इथे होतात का? तुमच्या नावावर जुना दंड आहे, तो मिटल्याशिवाय पुढचं काही करता येणार नाही.

काका तिथून घरी न जाता आमच्याकडे आले. मुलीला सांगितलं नव्हतं, काकूंनाही नाही. "तू जरा त्यांच्याशी फोनवर बोलशील का? मला त्यांचं बोलणं लवकर कळत नाही," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, कोणीतरी दवाखान्यात आहे.

त्यांच्याकडे सिडनीची जुनी फाईल होती. सुपरॲन्युएशनचे, म्हणजे निवृत्तिनिधीचे, कागद लागतील म्हणून पुण्याहून आणलेली. निळ्या प्लास्टिकच्या त्या फाईलमध्ये पगाराच्या स्लिपा, घरभाड्याच्या पावत्या, आणि त्यांच्यामध्ये दुमडलेला तो कागद. ग्रेट वेस्टर्न हायवेवर पोलिसाने गाडी थांबवून हातात दिलेला. फोर्ड लेझर गाडीचा नंबर, वेग, तारीख, रक्कम. आणि वरच्या कोपऱ्यात काकांच्या अक्षरात मराठीत लिहिलेलं, "शुक्रवारी भरणे."

तो शुक्रवार आलाच नाही. गुरुवारी रात्री सांगलीहून फोन आला, वडिलांना अर्धांगाचा झटका. काका मिळेल त्या विमानाने गेले. वडील अंथरुणावरच राहिले. एकुलता एक मुलगा, म्हणून मग काकांनी पुण्यात नोकरी धरली. इथलं घर मित्राने रिकामं केलं, गाडीही त्यानेच विकली. फाईल कोणीतरी भारतात जाताना घेऊन गेलं. पुढची सगळी वर्षं ती पुण्यातल्या कपाटात होती, कागद आत, अक्षर तसंच.

मागे राहिलेल्या त्या दंडाचं काय होत गेलं, ते समजून घेणं महत्त्वाचं आहे. इथला कायदा 1996 चा, त्याचं नाव फाइन्स ॲक्ट. दंडाची नोटीस मिळाल्यावर माणसाने तीन गोष्टींपैकी एक करायची: पैसे भरायचे, फेरविचाराचा अर्ज करायचा किंवा मला कोर्टात जायचंय असं सांगायचं. यातलं काहीच केलं नाही तर आठवण करून देणारं पत्र जातं. तेही निरुत्तर राहिलं की वसुलीचा आदेश निघतो आणि त्याचा खर्च दंडावर चढतो. सध्या हा खर्च 65 डॉलर आहे. तरीही पैसे आले नाहीत तर लायसन्स निलंबित होतं, गाडीची नोंदणी रद्द होते, त्याचे आणखी 40 डॉलर. त्यापुढे पगारातून किंवा बँकेच्या खात्यातून परस्पर वळती, मालमत्तेवर जप्ती. पत्रं नोंदवलेल्या पत्त्यावर जातात. त्या पत्त्यावर माणूस राहतो की नाही, याची चौकशी होतेच असं नाही.

या सगळ्या वाटेवर न्यायाधीश कुठेच भेटत नाही. भारत आणि इथली पद्धत यांतला खरा फरक मला इथेच दिसतो. आपल्याकडे ट्रॅफिक पोलिस पावती फाडतो किंवा कॅमेऱ्याचं ई-चलन येतं, ते कायद्याच्या भाषेत तडजोडीचं निमंत्रण असतं. एवढी रक्कम भरा आणि विषय संपवा. कोणी भरलीच नाही, तर पोलिसांना कोर्टात जावं लागतं, आणि कोर्टाला मुदत असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 468, आणि 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 514. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने साधारणपणे सहा महिन्यांच्या आत घ्यायची. एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा असेल तर मुदत एक वर्षाची. म्हणजे कायद्याने सरकारलाही घड्याळ बांधलंय. न्यू साऊथ वेल्समध्ये दंडाची नोटीस निघाली की पुढची गाडी कोर्टाशिवाय आपोआप चालते, म्हणून ती कुठे थांबत नाही.

आपल्याकडचं घड्याळ कागदावर चांगलं आहे, पण त्याचा उपयोग कोणी करत नाही हेही तितकंच खरं. महाराष्ट्रात ई-चलनांची थकबाकी हजारो कोटींवर गेली आहे. मुंबईत 2016 मध्ये ई-चलन सुरू झालं, मग राज्यभर पसरलं. मोबाइलवर संदेश येतात, लोक पुसून टाकतात, आणि मग लोकअदालतीची नोटीस आली की तडजोडीची वाट बघतात. शिवाय आपल्याकडे चलन गाडीच्या नंबराला चिकटतं. सेकंडहँड स्कूटर घेणाऱ्या मुलाला आरटीओत नाव बदलताना कळतं, की आधीच्या मालकाने सिग्नल तोडल्याचे पैसेही आपल्यालाच भरायचे आहेत. इथे दंड माणसाला चिकटतो, गाडीला नाही. हे मला जास्त न्याय्य वाटतं. ज्याने केलं त्याच्या नावावर, विकत घेणाऱ्याच्या नाही.

थकबाकी फार साचली की सरकारं सूट देऊन मोकळी होतात. तेलंगणाने मार्च 2022 मध्ये दुचाकींच्या जुन्या चलनांवर 75 टक्के सूट दिली. कर्नाटकाने फेब्रुवारी 2023 मध्ये निम्मी रक्कम माफ केली आणि बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या दारात रांगा लागल्या. उत्तर प्रदेशाने तर 2017 ते 2021 मधली प्रलंबित चलनं रद्दच केली. ज्या बाईने चलन आल्या दिवशी पूर्ण पैसे भरले, तिला यातून कोणता धडा मिळाला? मी अशा सरसकट माफीच्या विरोधात आहे. माफी द्यायची तर माणूस बघून द्यावी. वर्ष बघून, टक्के ठरवून दिलेली माफी प्रामाणिक माणसाचा अपमान करते.

पण कठोरपणाचं दुसरं टोक किती भयानक असू शकतं, तेही ऑस्ट्रेलियाने बघितलं आहे. 1987 साली सिडनीच्या लाँग बे तुरुंगात एका अठरा वर्षांच्या मुलाला थकलेल्या दंडापोटी चार दिवसांसाठी टाकलं. आत त्याला इतकी मारहाण झाली की तो कोमात गेला. राज्य हादरलं, आणि दंड थकला म्हणून तुरुंगात टाकायची ती पद्धत सुटत गेली. लायसन्स रोखण्याचा मार्ग त्यातूनच पुढे आला. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला शहाणपण यायला आणखी तीन दशकं लागली. तिथे ऑगस्ट 2014 मध्ये साउथ हेडलंडमध्ये पोलिस कोठडीत असताना बावीस वर्षांची एक आदिवासी तरुणी मरण पावली. तिच्या घरच्यांच्या इच्छेप्रमाणे तिला मिस धू म्हटलं जातं. 3,622 डॉलरच्या थकलेल्या दंडापोटी तिला आत टाकलं होतं. दुखतंय, दुखतंय म्हणून ती सांगत राहिली आणि तिला नाटकी ठरवलं गेलं. तिथला कायदा 2020 मध्ये बदलला.

अमेरिकेतलं फर्ग्युसनचं उदाहरणही यातलंच. मिसुरी राज्यातल्या या शहराच्या पोलिसांची आणि न्यायालयाची चौकशी करून अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च 2015 मध्ये अहवाल दिला. त्यात एका बाईची हकिगत आहे. 2007 साली चुकीच्या जागी गाडी लावली म्हणून तिला दोन पावत्या मिळाल्या, एकूण 151 डॉलर आणि वर फी. तिच्याकडे पैसे नव्हते, काही काळ तर घरही नव्हतं. तारखा चुकल्या, वॉरंटं निघाली, तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस तुरुंगात गेले. सात वर्षांत तिने 550 डॉलर भरले, आणि तरीही तिच्या नावावर 541 डॉलर बाकी होते. मूळ दंडाच्या साडेतीनपट भरूनही ती देणेकरीच राहिली. अशा जागी दंड हा दंड राहत नाही, ती सावकारी होते.

न्यू साऊथ वेल्सने या बाबतीत एक गोष्ट फार चांगली केली आहे आणि आपल्या लोकांना ती जवळजवळ माहीतच नाही. तिचं नाव वर्क अँड डेव्हलपमेंट ऑर्डर. 2009 मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली, 2011 पासून कायमची झाली. ज्याला खरोखर पैशाची चणचण आहे, मानसिक आजार आहे, व्यसन आहे, राहायला घर नाही, अशा माणसाला थकलेला दंड कामातून किंवा उपचारातून फेडता येतो. मान्यताप्राप्त संस्थेत विनामोबदला काम केलं तर तासाला 50 डॉलर दंडातून वजा होतात. समुपदेशनाला गेलं, व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, एखादा कोर्स केला, तरी महिन्याला 1000 डॉलरपर्यंत दंड उतरतो. मला ही योजना मनापासून पटते. दंडाचा उद्देश माणूस सुधारावा हा असेल, तर दारू सोडायला दवाखान्यात गेलेल्या माणसाचा तो उद्देश पूर्ण झालाच की. महाराष्ट्रात लोकअदालतीच्या जोडीने अशी सोय करावी, असं मला फार वाटतं. डिलिव्हरी करणाऱ्या पोरांच्या दुचाकींवर साचलेली चलनं वाहतूक शाखेच्या शिबिरांत काम करून का फिटू नयेत?

यंत्र कुठे चुकतं, तेही इथे उघडपणे लिहिलं जातं. नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याच्या लोकपालांनी एक अहवाल विधिमंडळापुढे ठेवला. दंडाच्या वसुलीसाठी बँक खात्यांवर जप्तीचे आदेश संगणक आपोआप काढत होता आणि त्यात सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची खाती रिकामी होत होती, असं त्यात नोंदवलं आहे. निर्णय माणसाने घ्यायचा असतो, कायद्याने तो अधिकार यंत्राला दिलेला नाही, हा त्या अहवालाचा गाभा. नंतर पार्किंगच्या दंडाबाबतही सुधारणा झाली. मध्यंतरी बऱ्याच नगरपालिकांनी काचेवर कागद लावणं बंद करून थेट पत्र पाठवायला सुरुवात केली होती. 1 जुलै 2025 पासून गाडीवर चिठ्ठी लावणं पुन्हा सक्तीचं झालं. आपल्याला दंड झालाय हे माणसाला त्याच दिवशी कळलं पाहिजे, या साध्या तत्त्वासाठी लोक भांडले आणि ते मान्य झालं.

हेच तत्त्व पुढे न्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पंचवीस वर्षांत ज्या दंडाबद्दल सरकारने माणसाला गाठलं नाही, जो कोणत्याही न्यायाधीशाने कधी पाहिला नाही, त्यावर खर्चाचे आकार चढलेले राहता कामा नयेत. मूळ रक्कम मागा, हरकत नाही. पण न पोचलेल्या पत्रांचा खर्च माणसाकडून घेऊ नका. आणि ठरावीक वर्षांनंतर वसुलीचा प्रत्येक आदेश कोर्टाच्या नजरेखालून जाऊ द्या. घड्याळ दोन्ही मनगटांवर हवं.

काकांच्या बाबतीत फोनवर पलीकडे जी बाई होती, ती शांतपणे बोलली. तिने एकूण रक्कम सांगितली, हप्ते करून देऊ म्हणाली, आणि वसुलीचा आदेश रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो हेही सांगितलं. आपल्याला दंड झाल्याचं माहीतच नव्हतं, किंवा आजारपण, अपघात, अशा कारणाने काही करता आलं नाही, असं दाखवता आलं तर आदेश रद्द होऊन प्रकरण कोर्टापुढे जाऊ शकतं. मी काकांना मराठीत समजावलं. वडिलांचं आजारपण होतं, त्यामुळे अर्ज करून बघायला हरकत नव्हती. काका थोडा वेळ गप्प राहिले.

"आजारपण पहिल्या महिन्याचं," म्हणाले. "नंतर कागद माझ्या कपाटात होता. मला भरू दे."

कार्डाने पैसे भरले, पावतीचा क्रमांक लिहून घेतला, आणि काही दिवसांनी नावावरचा अडसर निघाला. रकमेपेक्षा त्यांना वाटलेली लाज कितीतरी मोठी होती. "या वयात आपल्या नावावर पोलिसांचं लफडं," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ही लाज मला गिरावीनच्या अनेक घरांत दिसते, आणि तिच्यामुळेच कागद फाईलमध्ये पडून राहतात. म्हणून स्पष्ट लिहिते. नोटिशीवरचा दंड भरला म्हणजे गुन्हेगार म्हणून तुमची नोंद होत नाही. तो फोन उचलणाऱ्या माणसासाठी तुम्ही दिवसभरातल्या असंख्य फोनांपैकी एक असता. घरात सांगा, मुलांना सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

एक गोष्ट मात्र खरोखर वाईट चालली आहे आणि ती मी इथल्या समारंभांत, जेवणाच्या टेबलावर ऐकली आहे. कॅमेऱ्याने पकडलेल्या दंडाची नोटीस गाडीच्या मालकाला येते आणि गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर त्याचं नाव मुदतीत कळवावं लागतं. पूर्ण लायसन्सवर तीन वर्षांत 13 डिमेरिट पॉइंट्स झाले की लायसन्स जातं. मोठ्या सुट्ट्यांच्या दिवसांत काही गुन्ह्यांचे पॉइंट्स दुप्पट लागतात. मग काही जण भारतातून भेटीला आलेल्या आई-वडिलांचं नाव चालक म्हणून देऊन टाकतात. ते तर परत जाणारच आहेत, त्यांना काय फरक पडतो, असा हिशोब. खोटं नाव कळवणं हा वेगळा आणि मूळ दंडापेक्षा मोठा गुन्हा आहे. आणि ज्या आईने कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, तिच्या नावावर या राज्यात एक दंड कायमचा बसतो. दहा वर्षांनी ती नातवंडांसाठी इथे राहायला आली, की तो दंड काउंटरवर तिच्यापुढे येईल. मुलाने आईच्या नावावर हे करू नये. ज्यांनी केलं आहे, त्यांनी आधी ते निस्तरावं.

ज्यांच्या घरी 2000 च्या आगेमागे सिडनीत राहून गेलेलं कोणी असेल, त्यांनी या आठवड्यात एवढं करावं. काका, आजोबा, आत्या, ज्यांनी तेव्हा इथे गाडी चालवली त्यांना विचारा, जुन्या फाइली उघडा. रेव्हेन्यू एनएसडब्ल्यूला फोन करा आणि नाव, जन्मतारीख, असेल तर जुना लायसन्स क्रमांक सांगून आपल्या नावावर काही आहे का ते विचारा. असेल तर हप्ते मागा, परिस्थिती खरंच ओढग्रस्तीची असेल तर वर्क अँड डेव्हलपमेंट ऑर्डरबद्दल विचारा. लीगल एड एनएसडब्ल्यूमध्ये याबद्दल मोफत सल्ला मिळतो. घरातल्या मोठ्यांना इंग्रजीत बोलायचा संकोच वाटत असेल, तर 131 450 या सरकारी दुभाषा सेवेला आधी फोन लावा. तिथे मराठी दुभाषा मागता येतो.